ओल

अल्ताफनं विचारलं, 'पंख? नुसते पंख?'
आणि सुरी तशीच हातात धरून हसला.
उत्तरेश्वर पेठेत रविवारी सकाळी
मटणाची रांग सोडून कोंबडीकडं कोण वळत नाही,
वळलाच तर पंख मागत नाही.
पंख वजनात ढकलायचे, नाहीतर मांजराला.
म्हटलं, दोन किलो दे. सांध्यात तोड. टोकं तुलाच ठेव.

रणजित राजारामपुरीत कुणाच्यातरी वाढदिवसाला जाऊन आला.
सहा तुकडे, दोनशे ऐंशी रुपये.
तेव्हापासून घरच्या तांबड्या रश्श्याकडं
लांबच्या पाहुण्यासारखा बघतोय.
'पप्पा, ते चावताना वाजतात.'
रोज भट्टीत टनावारी बीड पातळ करणारा माणूस मी.
मला पंख वाजवता येऊ नयेत?

धुतले. निथळत ठेवले.
मग एकेक पंख फडक्यात दाबला, उलटा केला, परत दाबला.
मंदा म्हणाली, 'बाळंतिणीचं पोर पुसावं तसं पुसाय लागलाय.
बाराच्या आत आवरा. सोमवार लागतोय.'
मी गप्प.
ओल म्हणजे काय, हे ओट्यापाशी कुणाला सांगायचं?
शिरोलीत एकदा साच्याच्या वाळूत
वाटीभर पाणी जास्त झालं होतं,
आणि ओतलेलं बीड उलटं वर आलं,
थुंकल्यासारखं.
दौलू तेव्हापासून एकाच डोळ्यानं
भट्टीचा रंग ओळखतो.
बरोबर ओळखतो.

तांदळाचं पीठ, मीठ, मिरपूड, चिमूटभर बेकिंग पावडर,
आणि दिवसभर फ्रीजमध्ये, उघडे, जाळीवर,
मंदाच्या उपासाच्या भगरीपासून दोन कप्पे खाली.
संध्याकाळी हात लावून बघितलं,
कातडं जुन्या पोस्टकार्डासारखं झालेलं.

पहिला घाणा वाया गेला. माझीच चूक.
कांदा-लसूण चटणी पिठातच कालवली होती मी,
कोल्हापूरचा माणूस, हात राहतोय होय?
तेलात ती काळी पडली, धूर झाला,
खालच्या मजल्यावरचे इंगवले सर खोकत जिन्यात आले,
'काय जळालं काय हो?'
'नाही सर, शिकतोय.'

दुसऱ्या घाण्याला मिठापिठाशिवाय काही नाही.
आधी मंद आचेवर, पांढुरके होईतोवर,
आजारातनं उठल्यासारखे दिसतात तेव्हा.
काढले, पंख्याखाली ठेवले. थांबलो.
थांबणं हेच काम असतं, भट्टीवरही.
मग गॅस मोठा, तेल तापू दिलं,
लाकडी चमच्याच्या टोकाशी बुडबुडे उसळले,
परत सोडले.
आता आवाज बदलला. आधी बडबड होती,
आता बारीक, कोरडा, खडीवरनं सायकल जावी तसा.
ओल संपली की तेल शांत होतं.

दुसऱ्या कढईत लोणी, ठेचलेला लसूण,
गुळाचा खडा, लिंबू, आणि आता,
गॅस बंद केल्यावर, चटणी.
पंख त्यात टाकून कढई दोन्ही हातांनी उडवली.
तेलाचा एक थेंब मनगटावर आला.
मी हात हलवला नाही, सवय.

रणजित बघत होता.
थेंबाकडं नाही, त्याच्या वरती,
कोपरापर्यंत गेलेल्या पांढऱ्या ठिपक्यांकडं.
चौदा वर्षं ह्याच हातानं त्याला शाळेत सोडलाय.
'हे कशानं झालंय?'
'ओल होती,' म्हटलं.
त्यानं अजून काही विचारलं नाही.
एक पंख उचलला, फुंकला,
आणि दातांखाली असा वाजला
की मंदानं आतल्या खोलीतनं विचारलं, 'काय फुटलं?'

अकरा चाळीस.
ताटात हाडांचा ढीग, जळालेला घाणा बशीत झाकलेला.
मंदा पदर खोचून उभी, खायचं नाही असं तोंड करून.
मग एक उचलला. मग दुसरा.
'मीठ कमी आहे,' म्हणाली,
घड्याळाकडं बघत तिसरा घेतला,
'अजून सात मिनिटं हायत.'