फोकस

निपाणी. तंबाखूची जुनी वखार.
भिंगापासून नायिकेच्या पापणीपर्यंत टेप :
सात फूट चार इंच.
भारतेशनं जमिनीवर खडू ओढला.

मागं, खऱ्या विड्या वळणाऱ्या बायकांत,
त्याची आक्का.
कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, सांगितलेलं.
ती पानाकडंही बघत नाही;
चिमटीतनं तंबाखू पडते नेमकी.

नायिका खडूच्या
चार बोटं अलीकडंच थांबली.
भारतेशचा अंगठा चाकावर
आधीच वळलेला.
"कसं कळलं रे तुला?"
त्यानं खांदे उडवले.

रात्री भाकरी थापता थापता आक्का म्हणाली,
"मी दिसले काय रे त्यात?"

धुरकट. लुगड्याचा हिरवा डाग तेवढा.

"दिसलीस की," तो म्हणाला.
"एकोणीस फूट, दोन इंच."