बोट नसलेल्याची अंगठी

यंग्जटाउनला, ऑर्बनबाईंच्या औषधांच्या दुकानात
खोकल्याच्या गोळ्यांशेजारी तारेचा एक स्टँड कुरकुरत फिरायचा.
त्यात तो अंक होता : 'वलयधारी', वार्षिक विशेष,
पाच गोष्टी, पाच अंगठ्या, किंमत साठ सेंट.
माझ्याकडे पंचावन्न.
उरलेले पाच बाईंनी वहीत मांडले,
आमच्या नावापुढे आधीच बरंच मांडलेलं होतं.
पोलादाची भट्टी विझून सहा महिने झाले होते.

पहिल्या गोष्टीत सेलोरा, बर्फाच्या ग्रहावरची दीपगृहवाली.
तिने निळी अंगठी उगारली की वादळ
कुत्र्यासारखं पायाशी येऊन बसतं.
दुसरीत म्हातारा न्हावी. त्याची अंगठी तांब्याची,
खोटं बोललं की आवळते.
शेवटच्या चौकटीत तो बायकोला म्हणतो, "मी बरा आहे,"
आणि बोट काळंनिळं पडत जातं.
तिसरी मी वगळायचो, नुसती मारामारी.
चौथीत दोन बहिणी आणि अंगठी एकच,
वार वाटून घेतलेले; रविवार कुणाचा
यावरून अर्धी आकाशगंगा जळते.

माझ्या बापाच्या डाव्या हाताला चार बोटं.
ट्रकवरून उडी मारताना लग्नाची अंगठी आकड्यात अडकली;
बाप खाली आला, बोट वर राहिलं.
त्या बोटाला अनामिका म्हणतात.
हजेरीपटावर तिला कुणी विचारलं नव्हतं,
भरपाईच्या तक्त्यात मात्र तिचा दर छापलेला होता.
अंगठीला ओरखडासुद्धा नाही.
आईने ती बटणांच्या डब्यात टाकली
आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.

पाचव्या गोष्टीतला ओम्रू शेवाळाचा आहे.
नऊ सूर्य ओलांडून अंगठी त्याच्यापाशी येते
आणि घुटमळते, दोन अख्खी पानं, एकही शब्द नाही.
हातच नाही.

बाप कधी असलं काही वाचत नसे.
त्या रात्री टेबलावर कोपर टेकून त्याने ती पानं पाहिली,
शाई बोटाला लागेल अशा बेताने, हळू.
"मग घालतो कुठे?" त्याने विचारलं.
मी पान उलटलं.
ओम्रू घालत नाही. तो वाढतो.
तीनशे वर्षं इंचाइंचाने तिच्या मधून वाढत राहतो,
तिला पत्ता लागू न देता.

बाप काही बोलला नाही. नाक शिंकरलं.
मग उठून डबा उघडला,
बटणं मेणकापडावर सांडली, दोनतीन चुलीखाली गेली,
ती आम्ही गुडघ्यांवर बसून शोधली, एक शेवटपर्यंत मिळालं नाही.
अंगठी त्याने स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या दोरीला बांधली,
टोकाचा लाकडी मणी कधीचाच तुटला होता.

तेव्हापासून अंधार पडला की आई हात वर करायची,
अंगठी खाली ओढायची,
आणि उजेड.

साठ वॅटचा.
मार्चमध्ये वीज कापून नेली तोपर्यंत.
नंतरही ती जाता-येता ओढायची.
सवय, म्हणायची.