कोणत्या वाक्यावर

नियम एवढाच:
पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही.
माझी खुर्ची दोघांच्या मध्ये, जराशी मागे.
नावच मेडियाट्रिस. मध्ये पडणारी.
आईने ठेवलं तेव्हा तिच्या मनात देवाची आई होती,
ब्रसेल्समधलं चौथ्या मजल्यावरचं हे ऑफिस नव्हतं,
जिथे तासावर पैसे मिळतात
आणि टिश्यूचा डबा
कायम अर्जदाराच्या बाजूला सरकवलेला असतो.

आज समोर गास्पार न्कुरिकिये. गितेगाचा, सायकली दुरुस्त करणारा.
इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं.
त्याने भावाचं सांगितलं.
नदी सांगितली, पूल सांगितला, वार सांगितला, मंगळवार,
भावाच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती,
हेही सांगितलं, वाण्याला उधारी सांगावी तसं.
आणि शेवटी हसला.
थोडंसं. ओठाच्या एका कोपऱ्यातून.

शब्द मी पलीकडे नेले, एकही न सांडता.
हसू न्यायला माझ्याकडे भांडं नव्हतं.

मार्लीन वाईट नाही.
माझ्या मुलीसाठी तिने लोकरीची टोपी विणली होती, कानांसकट.
तिने नुसतं टायपिंग थांबवलं आणि विचारलं,
मला, त्याला नाही:
“तो हसतोय का?”
मग लिहिलं: कथन आणि भावना यांत विसंगती.

मला सांगायचं होतं,
आमच्याकडे पुरुषाचे अश्रू आत वाहतात, पोटाकडे.
हा माणूस तुमच्यासमोर बुडतोय, मादाम,
फक्त पाणी आतल्या अंगाला आहे.
पण ते पदरचं झालं असतं.

एकदा बोलले होते. तीन वर्षांपूर्वी, शेजारच्या खोलीत.
आवाज चढला नव्हता, शप्पथ;
नुसता जागा झाला होता.
संध्याकाळी साहेबांनी बोलावून घेतलं, चॉकलेट पुढे केलं,
म्हणाले, तुमच्या लोकांत जरा उष्णता असते, आम्ही समजू शकतो,
पण इथे तटस्थ राहावं लागतं.
म्हणजे गास्परचा गारवा खोटा
आणि माझी ऊब धोक्याची.
या कातडीला नेमकं किती तापमान चालतं
ते कुठल्या फॉर्मवर छापलंय, अजून सापडलेलं नाही.

मार्चमध्ये मार्लीनचा कुत्रा गेला.
भर मीटिंगमध्ये रडली ती, नाक लाल होईपर्यंत.
कुणी खिडकी उघडली, कुणी पाणी आणलं,
मी तिच्या पाठीवर हात ठेवला,
आणि तो हात खरा होता, हेही लिहून ठेवते.
तिला कुणी वार विचारला नाही.

दहा मिनिटांची सुट्टी.
अर्जदाराशी बोलायची मला मनाई आहे.
कॉफीच्या मशीनपाशी तो शेजारी येऊन उभा राहिला,
आग लागल्यास काय करावे, त्या तक्त्याकडे बघत,
हळूच किरुंदीत म्हणाला,
“ताई, कोणत्या वाक्यावर रडायचं असतं?”

मशीन घरघरलं. कप आडवा पडला.
कॉफी जाळीतून खाली गेली, सगळी,
आम्ही दोघं ती जाताना बघत राहिलो.

आत गेल्यावर मार्लीन म्हणाली, पुन्हा पुलापासून सांगा.
त्याने सांगितलं. डोळे कोरडे.
डब्यातून एक टिश्यू ओढला, चौघडी केली, मुठीत धरली,
आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघू लागला,
खूण जणू मी करणार होते.

नदी. पूल. मंगळवार.
मी फ्रेंचमध्ये म्हणाले: चप्पल.
म्हणाले: एका पायात,
आणि थांबले. श्वासाएवढी.

मार्लीनची बोटं चालूच होती.
ते थांबणं मूळ जबानीत नव्हतं.