दुसरी बाजू, अकरावं मिनिट

टेप आधी भाजावी लागते.
पंचावन्न अंशांवर, आठ तास.
पन्नास वर्षांची दमट हवा तिच्या अंगात मुरलेली;
न भाजता फिरवली
तर गाणं काळ्या पिठासारखं बोटांवर येतं.

तुर्कूत नोव्हेंबर. तीनलाच दिवे लागले.
औरा नदीवर बर्फ धरलेला नाही अजून, नुसती साय.
खाली वेईयोचं सायकलींचं दुकान,
त्याच्या हातून पाना निसटला
की वर माझा काटा हलतो.

कंपनीचं पत्र समोर टेकवून ठेवलंय:
पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती. स्वच्छ हवी.

पाच पोरं, विशीतली. आयुष्यात एकच अल्बम.
कर्ज काढून शहराच्या ऑर्केस्ट्रातले
बावीस जण आणले होते त्यांनी, एका रविवारपुरते.
कर्ज फिटलं नाही. अल्बम विकला गेला नाही.
एकजण पुढे ट्रामचे सुटे भाग विकायचा म्हणे.

पहिली बाजू मेलोट्रॉनची.
कळ दाबली की कुण्या परक्याचं व्हायोलिन
पट्टीवरून घसरत रडतं, फक्त आठ सेकंद.
त्याहून जास्त दुःख त्या यंत्राला धरवत नाही,
बोट उचलावंच लागतं.
ड्रम सातात चालतो,
एक पाय आखूड असलेला माणूस
जिना उतरताना चालतो तसा,
आणि तुम्ही नकळत त्याला आधार द्यायला
आठवी मात्रा पुढे करता.
ती तो घेत नाही.

दुसऱ्या बाजूला खरी तंतुवाद्यं येतात.
त्यांना कसलीच घाई नाही.
चेलो इतके खाली जातात
की टेबलावरची कॉफी थरथरते,
वर गिटार एकच सूर ओढत राहतं,
ओढत राहतं,
आता तुटेल म्हणेपर्यंत.
आणि अकराव्या मिनिटाला सगळे एकदम थांबतात.

काही नाही.
टेपची सळसळ.

मग एक श्वास.

मग ओबो.

पडद्यावर तो श्वास नारिंगी रंगात उमटला.
दोष, म्हणालं यंत्र. काढू?
मी नऊ वेळा ऐकला.
नाक थोडं चोंदलेलं. खुर्ची कुरकुरते.
मध्येच कुठेतरी अडखळून पुन्हा घेतलेला,
त्यामुळे पहिला सूर केसभर उशिरा येतो,
आणि त्या केसभरातच
इतकी वर्षं लोकांच्या पोटात खड्डा पडत आलाय,
का ते न कळता.

काढून पाहिला.
ओबो आला, नळातून पाणी यावं तसा.
स्वच्छ. खोलीत कोणीच नाही.

रेइमाला फोन केला, तो गिटारवाला, आता चौऱ्याहत्तरचा.
ओबो? हो, होता एक. सारखा घड्याळाकडे बघायचा.
म्हणाला, एकदाच वाजवीन.
का, ते विचारलं नाही गं आम्ही.
बायको दवाखान्यात होती बहुतेक.
की ते हॉर्नवाल्याचं?
पोरी, इतकं कोण लक्षात ठेवतं.

श्वास परत जागेवर ठेवला.
कंपनीला लिहिलं: काम झालं.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

खोका बंद करताना तळाशी
टाचणीला गंज चढलेली पगारपत्रकाची पानं निघाली.
तेवीस नावं. बावीस नाही, तेवीस;
शेवटचं पेन्सिलीनं घुसडलेलं.
ओबो, हिल्यामो के., तीन तास, साठ मार्क, गाडीभाडं वेगळं.

बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत.
त्याच्या रेघेवर काही नाही.

वेईयो खाली शटर ओढतोय.
साठ मार्क.
आता ते कुठल्याच दुकानात चालत नाहीत.