असेल तर

बुधवारी जुन्या बाजारात घेतला,
गंजलेल्या पान्यांच्या ढिगाशेजारी होता.
साडेआठशे म्हणाला, सातशेला दिला.
चार्जर वेगळा, त्याचं भांडणही वेगळं.

रोज सुरू केला की सांगायचा:
आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतली नाण्याएवढी बॅटरी मेलेली, एवढंच.
पण इतक्या खात्रीने कुणी तारीख सांगितली
की चहा हातात धरून मी आठवत बसायची,
तेव्हा कुठे होते मी?
बिबवेवाडीत. एका खोलीत. दोन बॅगा, न उघडलेल्या.

वायफायचं कार्ड बदललं तर काळा पडदा आणि एक ओळ:
हे कार्ड यादीत नाही. काढा, मग सुरू होईन.
आमच्या गेटवरही असंच रजिस्टर आहे.
सगुणाबाई नऊ वर्षं भांडी घासायला येतात,
नव्या वॉचमनने त्यांना फ्लॅट नंबर विचारला.

भाचा म्हणाला, मावशी, नवीन घे ना, हप्त्याने.
बघू, म्हटलं, आणि तापकीर गल्लीतून
काडेपेटीएवढा प्रोग्रामर आणला, सोबत आठ दातांचा चिमटा.
दुकानदार वर न बघता म्हणाला,
चालला नाही तर परत आणू नका.

गुरुवार टाळला. गुरुवारी वीज जाते,
आणि लिहिता लिहिता गेली तर
अर्धी चिप जुनी, अर्धी कोरी, हातात वीट.

कीबोर्ड उचलला. खाली धूळ, एक तीळ,
आणि ती: नखाएवढी, आठ पायांची,
कोळ्यासारखी निवांत.

पहिलं वाचन. दुसरं वाचन. जुळेनात.
चिमटा केसभर सरकला होता.
चौथं आणि पाचवं जुळलं.
पतपेढीत तेवीस वर्षं मी हेच केलंय,
रोजकीर्द एकीकडे, पासबुक दुसरीकडे,
फरक शून्य आल्याशिवाय उठायचं नाही.

मग आत डोकावले. पानंच्या पानं
एफएफ एफएफ एफएफ एफएफ.
कोरं म्हणजे शून्य नसतं, हे त्या रात्री कळलं.
कोरं म्हणजे सगळे दिवे लागलेले
आणि घरात कुणी नाही.
आणि त्यातच, मधल्या एका खोलीत:
एम. टी. पानसंबळ, स्टोअर्स, भोसरी.

काय मोजत असतील? बेअरिंगं, वॉशर, हातमोजे?
कीबोर्डवरचं शून्य पार पुसलंय,
ते त्यांनीच पुसलं असणार.

बदल एकाच जागी करायचा होता.
तिथे होतं ७४. म्हणजे, मला समजलं तेवढं:
यादीत असेल तर पुढे ये.
त्याच्या जागी ईबी. म्हणजे: पुढे ये.
बस. 'असेल तर' तेवढं काढायचं.
मी चष्मा पुसला, घातला, परत पुसला.
त्या दोन हजार नऊ साली माहेरच्या दारात
मला असंच एक 'असेल तर' भेटलं होतं.
जास्त सांगत नाही.
इतकी छोटी दुरुस्ती असते, एवढंच.

पानसंबळांना हात लावला नाही.
पुसणं. लिहिणं. पडताळणं.
एकसष्ट टक्क्यांवर फ्रिज धडधडला,
ट्यूब मिचकावली,
मी चिमट्यावर बोट ठेवून, जणू माझ्या बोटाने वीज थांबणार होती.

नवी बॅटरी घातली, पस्तीस रुपयांची. बटण दाबलं.
आधी पाच वेळा बीप.
आत कुणीतरी हात घातलाय हे त्याला ठाऊक आहे,
आणि ते तो आता रोज सांगणार. इलाज नाही.
मग कार्ड घेतलं, मुकाट.
तारीख विचारली.
मी आजची टाकत होते, तेवढ्यात
भिंतीपलीकडून देवस्थळीबाई ओरडल्या,
अहो, तुमचा मायक्रोवेव्ह वाजतोय!