मांडी

आमच्या घराण्यात कुणी लढवय्या नव्हता.
तलवार नाही, सनद नाही,
आहे ते एक पितळी अंगुस्तान
आणि ही मांडी,
सकाळी सातला घातली की दिवेलागणीला मोडणारी,
पणजोबांपासून चालत आलेली.

तिच्याच भरवशावर येऊन बसले
पाटनीपुऱ्यात, गोदामाच्या शटरसमोर.
आम्ही एकतीस जणी, एक सतरंजी.
शाळेचे गणवेश शिवले आम्ही, घरोघर, पायमशीनवर :
बाहीला दीड रुपया, कॉलरला दोन,
काजं-बटणांचं तर बोलूच नका.
चार महिन्यांचे पैसे शेठकडे.
मुलं ते गणवेश घालून शाळेत गेलीसुद्धा.
समोरूनच जातात रोज.
मी माझी शिलाई ओळखते.

दुसऱ्या दिवशी रामकन्येच्या पोरीनं वीट उचलली.
एवढीशी पोर, काडीसारखी मनगटं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
माझ्याही पिशवीत कात्री होती,
अकरा इंची, मेरठची, वडलांच्या हातची.
शटरच्या आत तागे होते.
उभे कापावेत की आडवे
एवढाच प्रश्न उरला होता.

मग ती गोष्ट आठवली. ऐकीवच आहे,
संस्थानाच्या काळातली.
छत्रीबागेच्या वळणावर पणजोबांचं दुकान.
ज्या शिपायांनी चौकात पोरांना झोडपलं
त्यांचेच नवे डगले शिवायचे होते,
कारकून रोख पैसे घेऊन आला.
पणजोबा नाही म्हणाले नाहीत.
हो पण म्हणाले नाहीत.
कात्री आत ठेवली, ओट्यावर मांडी घातली,
हातात बिनदोऱ्याची सुई.
नऊ दिवस.
कारकून रोज विचारायचा, दोरा संपला काय?
दोरा आहे, म्हणायचे,
मन ओवलं जात नाही.

या गोष्टीचे घरात दोन शेवट सांगतात.
आत्या म्हणते, डगले शेवटी उज्जैनला शिवून आले.
काका म्हणतो, पाच रुपये दंड झाला, तो उसना काढून भरला.
वडील शेवट सांगायचेच नाहीत.
टाका घालता घालता म्हणायचे,
फाटलेल्याशी भांडायचं नसतं, बाई.
त्याच्याजवळ बसायचं असतं.

मी पोरीच्या हातून वीट घेतली
आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवली.
वाऱ्यानं उडत होता तो.

पाचव्या दिवशी ठाण्याचे साहेब आले.
उठा म्हणाले, रस्ता अडतो.
आम्ही वीतभर सरकलो.
पुन्हा म्हणाले. पुन्हा वीतभर.
नफीसाआपा त्यांच्या छातीकडे बघत होत्या :
"साब, दूसरा बटन लटक रहा है, गिर जाएगा."
साहेबांनी मान खाली घातली, बघायला,
आणि तेवढ्यापुरता साहेबाचा नुसता माणूस झाला.
लावून घेतलं नाही त्यांनी.
बरं झालं. मला नव्हतंच लावायचं.

सातव्या दिवशी एक शिपाई पिशवी घेऊन आला.
आत खाकी शर्ट, कागदाच्या पुडीत बटण.
आपांनी लावलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला
आणि दीड रुपया मागितला. रोख.
चार महिन्यांतली आमची पहिली कमाई.
समोरच्या पोहेवाल्यानं त्या दिवशी
जीरावन जरा जास्तच भुरभुरलं.

अकराव्या दिवशी शेठनं एका महिन्याचं पाकीट पाठवलं.
मोजलं. सही केली.
उठलो नाही.

आज कितवा दिवस, विचारू नका.
गुडघे ठणकतात.
वडलांचेही ठणकायचे.
रात्री तिळाचं तेल कोमट करून
मी चोळून द्यायची,
कंटाळत, अभ्यास सोडून, घाईघाईनं.
तेव्हा कुठे ठाऊक होतं
मी कशाला तेल लावते आहे.