साठ ते सत्तर

पंचावन्नला काही नसतं.
साठला सुरू होतं. आधी सीटखाली,
मग गिअरच्या दांड्यात, मग आरशात:
मागे पडलेलं तिळामळ दोन-दोन दिसू लागतं.
पंच्याहत्तरला पुन्हा सगळं गप्प,
जसं काही मीच मनाला लावून घेतलं होतं.

आणि तेही फक्त येताना.
जाताना मागे पंचवीस पोती मैदा असतो,
केपें, बाळ्ळी, कुंकळ्ळीच्या पदेरांचा,
तेव्हा डॅशबोर्डवरची सुटी नाणीसुद्धा वाजत नाहीत.
रिकामी झाली की थरथरते.

टायर बदलून झाले. व्हील बॅलन्सिंग दोनदा.
मडगावच्या शोरूमने इंजिनाखालचे रबर बदलले
आणि बिलावर लिहिलं, 'आता ठीक.'

इनास मिस्त्रीकडे बिलबुकच नाही.
तो शेजारी बसला, काच वर घेतली.
"रेडिओ बंद. बोलायचं पण नाही."
पासष्टला म्हणाला, "क्लच दाब. न्यूट्रल. सोड आता."
इंजिन खाली उतरलं, पुटपुटत राहिलं,
थरथर तशीच, आपल्या तालात.
"मग इंजिन नव्हे. टायरही नव्हे म्हणतेस.
मधला कोण राहिला?"

मागची चाकं घोड्यांवर, अधांतरी.
फोंडूने आत बसून तिसरा गिअर टाकला,
इनास खाली आडवा झाला, हातात खडू,
फिरत्या शाफ्टच्या इतका जवळ नेला
की मी गॅरेजवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
थांबवल्यावर: एकाच बाजूला पांढरी रेघ.
तिथे तो बाहेर येत होता, केसाएवढा.
बरोबर समोर, गंजात, एक स्वच्छ चौकोन.
वजनाची चकती होती कधीतरी. गळून गेली.

"आणि हे कोणी जोडलं?"
शाफ्टचे दोन तुकडे, दोन बाण,
समोरासमोर यायला हवेत. एक दात चुकलेला.

हे बाबांनी जोडलं.
खाण चालू होती तेव्हा, रात्री, टॉर्च तोंडात धरून
क्रॉस स्वतः बदलला होता.
मागे एक पट्टा जादा घातला तोही त्यांनीच,
ओझ्याने गाडी बसू नये म्हणून.
मग खाण बंद पडली. पट्टा राहिला,
मागची बाजू कायम उचललेली,
कोणीतरी अजून काही ठेवणार आहे अशी.
आता ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.
हे मी इनासला सांगणार होते.
तो कोनमापक शोधत होता.

नातीच्या कंपासपेटीतला, प्लास्टिकचा,
मध्ये दोरा, दोऱ्याला नट.
पुढच्या सांध्याला चार. मागच्याला आठला थोडं कमी.
"पोती असली की कोन उतरतो, चूक लपते," म्हणाला.
"दोन्ही टोकांनी सारखंच वाकायला हवं.
एकट्यानेच वाकलं की मधला तडफडतो."
मी त्याच्याकडे पाहिलं.
"शाफ्टचं सांगतोय," तो म्हणाला. "सतराचा पाना दे."

जादा पट्टा निघाला. "मैद्याला पाच पुरे."
एक्सलखाली पाचर गेली, चपटी, बोटाएवढी.
बाण बाणासमोर आला.
गळलेल्या चकतीच्या जागी दोन होस क्लिपा,
त्यांचे स्क्रू नखानखाने सरकवत:
फिरव. ऐक. जास्त झालं, मागे घे.
फिरव.
रस्त्यावरून पदेर भोंगा वाजवत गेला
तेव्हा इनासने हात वर केला, थांबा म्हणून,
पुन्हा कान लावला.

रिकामी गाडी. साठ. बासष्ट. आरशात तिळामळ एकच.
अडुसष्टला बारीक काहीतरी, मांजर घुरघुरावं तसं.
"हे?"
"हे राहू दे. सगळंच काढलं
तर तुझी गाडी कुठली, कसं कळणार?"

पट्टा घरी आणला, गोणपाटात.
बाबांनी मांडीवर घेतला, बोटाने बाक तपासला.
म्हणाले, "बसला नाही अजून,"
आणि विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला,
पावसात भिजणार नाही अशा बाजूला.